फराळाच्या आधी मोरी

(कोजागरीनंतरच्या ग्रामसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)



बचत झाली, कर्जवाटप झालं. आता दहा मिनिटं मला द्या. विषय ऐकून हसलात तरी चालेल. मला मोरीबद्दल बोलायचंय.

मागच्या भाऊबीजेला आमच्याकडे तीन आत्या, त्यांची पोरंबाळं, सगळी मिळून पंधरा माणसं. पहाटे आंघोळी सुरू झाल्या आणि चौथ्या माणसालाच मोरी तुंबली. उटण्याचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. बाबा म्हणाले, प्लंबरला फोन लाव. सणाच्या दिवशी कोण येतंय? शेवटी आईनं नवी साडी वर खोचली, मोरीत हात घालून केसांचा गोळा ओढून काढला, हात धुतले आणि फराळाची ताटं वाढायला गेली. पाहुण्यांना कळलंसुद्धा नाही. त्या वर्षी घराला रंग दिला होता, मोरीवर एक रुपया खर्च केला नव्हता. तुंबलं की हात घालायचा बाईनं, आणि पैसे कुठे खर्चायचे ते ठरवायचं दुसऱ्यांनी. म्हणून हा विषय मी घरात नाही, इथे काढतेय.

आता तुंबतं कशानं ते बघा. थंडी पडली की खोबरेल बाटलीत गोठतं की नाही? तसंच ते पाइपातही गोठतं. त्यात उटणं, केस, साबण अडकतो. चकलीच्या कढईतलं तेल, करंजीचं डालडा मोरीत गेलं की त्याचाही थर बसतो. गरम पाणी ओतलं की मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण ते तूप वितळून पुढे जातं आणि पुढच्या वळणावर पुन्हा गोठतं. म्हणून कढई आधी रद्दी कागदानं नाहीतर राखेनं पुसा, मग घासा. उरलेलं तेल बाटलीत भरा, पणत्यांना चालेल. रंगकामाची चुन्याची बादली आणि दारातली रांगोळीही मोरीत धुवू नका. रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी, ती तळाला बसते.

आजच घरी गेल्यावर दोन बादल्या पाणी मोरीत एकदम ओता. गुडगुड करत हळू उतरलं, तर पाइप भरत आलाय समजा. जाळी काढा, तारेचा आकडा करून केस ओढा. नंतर जाळी परत बसवायला विसरू नका, आमच्या मोरीत मुळात जाळीच नव्हती. एक सांगते, ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र टाकायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

आता शौचालय. इथे जरा नीट ऐका. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दोन खड्ड्यांचं शौचालय आहे. एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो, दुसऱ्याचं तोंड मधल्या चेंबरमध्ये बंद ठेवायचं. गवंड्यानं दोन्ही उघडे ठेवले असले तर दोन्ही एकदमच भरतात, आणि मग पाहुणे आल्यावर जायचं कुठे? चेंबरचं झाकण उघडून बघा. भरलेला खड्डा बंद करून दोन वर्षं तसाच ठेवला की आत खत होतं, तेव्हाच तो रिकामा करायचा. आणि शौचालयात ॲसिड ओतत बसू नका, मैला कुजवणारे जीवाणूच मरतात.

ज्यांच्याकडे सेप्टिक टाकी आहे त्यांनी ती भरली असेल तर आत्ताच उपशाची गाडी बोलवा. दिवाळीत गाडी मिळत नाही, मग कुणीतरी म्हणतं, "मीच उतरतो." उतरू द्यायचं नाही. नवरा असो, दीर असो, मजूर असो. आत विषारी वायू साचलेला असतो. तो जास्त असला की नाकाला वासही येईनासा होतो, माणूस तिथेच पडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही पडतो. पैसे देऊन माणूस उतरवणं तर 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. टाकी भरून वाहिली तर सणभर शेजारणीच्या शौचालयात जाऊ. लाज गेली तरी चालेल.

सांडपाण्याचं सगळ्यांना माहीत आहे, थोडक्यात सांगते. दारात डबकं असेल तर शोषखड्डा करा, रोजगार हमीतून होतो, ग्रामपंचायतीत विचारा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर असे खड्डे केले आणि डासांचा त्रास घालवला. ज्यांचा खड्डा आहे त्यांनी वरचा गाळ काढा. आणि पाहुण्यांसाठी जादा भरलेली पिंपं झाकून ठेवा, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

राहिला टाकीचा गळका नळ. त्याखाली तासभर तांब्या ठेवा. लिटरभर भरला तर दिवसाचे 24 लिटर झाले. जलजीवनमध्ये माणशी 55 लिटर धरतात, म्हणजे जवळपास अर्ध्या माणसाचं पाणी नुसतं गळतंय. बहुतेक वेळा आतला वॉशर झिजलेला असतो, काही रुपयांची वस्तू. मी समाजकार्याची पदवी घेतली, त्यात वॉशर बदलायला कुणी शिकवलं नाही. दोन महिन्यांपूर्वी शिकले. पहिल्यांदा मेन कॉक बंद करायला विसरले आणि नखशिखांत भिजले, ते वेगळं.

आज कर्जाच्या मागण्या वाचल्या, रंग आहे, कपडे आहेत. पाइपासाठी किंवा चेंबरच्या झाकणासाठी एकीनंही मागितलं नाही. मागायला हरकत नाही, ठरावात तसं लिहून घेऊ.

पुढच्या बैठकीला मी वॉशर आणि टेफलॉन टेप आणते. समाजमंदिराचा नळ गळतोच आहे, त्याच्यावरच हात बसवू. पाना कुणाच्या घरी असेल तर तेवढा घेऊन या.