अत्याचार आणि आदेशकर्त्याचे उत्तरदायित्व



युद्धात किंवा लष्करी मोहिमेत निरपराध नागरिकांवर अत्याचार होतो तेव्हा त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर आज मी बोलणार आहे. विषय कायद्याचा आणि वक्ता वैद्यकाचा, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु आम्हा डॉक्टरांना मृत्यूचा दाखला लिहावा लागतो. त्या दाखल्यात प्रथम तात्कालिक कारण लिहायचे, त्याखाली ते कशामुळे उद्भवले ते लिहायचे आणि शेवटी मूळ कारणापर्यंत पोहोचायचे असा नियम आहे. केवळ ‘हृदय बंद पडले’ असे लिहिणारा दाखला अपुरा समजला जातो, कारण हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. अत्याचाराच्या चौकशीलाही हाच नियम लावला पाहिजे. ज्या हाताने घाव घातला तो तात्कालिक कारण होय. मूळ कारण शोधण्यासाठी अधिकाराची उतरंड वर चढून पाहावी लागते.

ज्या कॅनडाने आपल्याला आश्रय, शिक्षण व सन्मान दिला, त्याच देशाचे उदाहरण घेऊ. डिसेंबर १९९२ मध्ये कॅनडाची एअरबोर्न रेजिमेंट दुष्काळ व यादवीने होरपळलेल्या सोमालियात बहुराष्ट्रीय मोहिमेसाठी गेली. हेतू अन्नवाटपाच्या संरक्षणाचा होता. बेलेत ह्युएन येथे तिची छावणी होती. ४ मार्च १९९३ च्या रात्री छावणीजवळून पळणाऱ्या दोन सोमाली माणसांवर पाठीमागून गोळीबार झाला. एक जखमी झाला व एक मरण पावला. १६ मार्चच्या रात्री शिदान अरोन हा सोळा वर्षांचा मुलगा छावणीलगतच्या रिकाम्या आवारात सापडला. त्याला बांधून कित्येक तास मारहाण करण्यात आली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याचा आक्रोश अनेकांनी ऐकला होता. काहींनी डोकावून पाहिले. मारणाऱ्यांनी त्याच्यासोबत छायाचित्रेही काढून घेतली. थांबविण्याचा अधिकार असलेल्यांपैकी एकानेही ते थांबविले नाही.

पहिल्या घटनेत मेजर बॅरी आर्मस्ट्राँग या लष्करी शल्यविशारदाने मृतदेह तपासला. गोळी लागून पडलेल्या माणसाला जवळून पुन्हा गोळी घालून ठार केले असावे, असे मत त्यांनी दिले. पुरावा नष्ट करण्यास आपल्याला सांगण्यात आले, असेही त्यांनी पुढे जाहीरपणे म्हटले. त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडले, ही गोष्टही येथे नमूद केली पाहिजे. तथापि एका डॉक्टरने वरिष्ठांची मर्जी न सांभाळता देहावरील जखमांची साक्ष दिली, म्हणून हे प्रकरण लोकांसमोर आले. माझ्या व्यवसायबंधूंनी व येथील तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आता शिक्षांकडे पाहू. अरोनच्या मृत्यूबद्दल मास्टर कॉर्पोरल क्लेटन मॅची व प्रायव्हेट काइल ब्राउन यांच्यावर आरोप ठेवले गेले. मॅचीने कोठडीत गळफास घेण्याचा प्रयत्न केला, त्यात त्याच्या मेंदूला इजा झाली आणि त्याच्यावर खटला चालूच शकला नाही. ब्राउनला पाच वर्षांची शिक्षा झाली. हे दोघेही या भूमीच्या आदिवासी वंशाचे होते. त्यामुळे त्यांचा अपराध तसूभरही कमी होत नाही. परंतु सर्वांत जड शिक्षा सर्वांत खालच्या पायरीवर उतरली, याची आपल्यासारख्यांनी नोंद घ्यावी. घुसखोर पकडला गेल्यास त्याला बदडले तरी चालेल, अशा अर्थाची सूचना ज्या मेजरने दिली होती, त्याला आरंभी केवळ कडक ताकीद मिळाली. अपिलात तीन महिन्यांचा कारावास व बडतर्फी झाली. रेजिमेंटचा प्रमुख दोन वेळा खटला चालून दोन्ही वेळा निर्दोष सुटला. १९९५ मध्ये रेजिमेंटच विसर्जित करण्यात आली.

त्याच वर्षी न्यायमूर्ती जिल लेतुर्नो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आयोग जसजसा वरच्या पायऱ्यांकडे वळू लागला, तसतसे दस्तऐवजांत फेरफार झाल्याचे उघड होऊ लागले. सेनाप्रमुख जनरल बॉइल यांनी आयोगासमोर आपल्या हाताखालच्यांकडे बोट दाखविले आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. जानेवारी १९९७ मध्ये सरकारने आयोगाला काम आटोपते घेण्यास सांगितले. जुलै १९९७ मध्ये अहवाल आला. त्यात नेतृत्वाच्या अपयशावर कठोर ताशेरे होते, परंतु अरोनच्या हत्येच्या खोलात जाण्यास आयोगाला अवधीच उरला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावरील शेवटची ओळ अशी कोरी राहिली.

बंधूभगिनींनो, याच कॅनडाने शत्रूला कोणता नियम लावला होता? जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाच्या शरण आलेल्या सैनिकांना जर्मन एस. एस. दलाने ठार मारले. त्या दलाचा सेनानी कुर्ट मायर याच्यावर डिसेंबर १९४५ मध्ये कॅनडाच्या लष्करी न्यायालयात खटला झाला. आपल्या सैनिकांना चिथावणी दिल्याबद्दल आणि त्यांच्या हत्यांना जबाबदार असल्याबद्दल तो दोषी ठरला. देहदंडाची शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलली गेली आणि १९५४ मध्ये तो सुटला. त्याच सुमारास फिलिपिन्समधील जपानी सेनापती यामाशिता याला सैन्यावर नियंत्रण न ठेवल्याबद्दल फाशी झाली. त्याला खरोखर काय ठाऊक होते व त्याच्या हाती किती नियंत्रण उरले होते, याचा पुरेसा विचार झाला नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी तेव्हाच नोंदविला होता.

हा आक्षेप आपण गांभीर्याने घेतला पाहिजे. केवळ पदावर होता म्हणून एखाद्याला शिक्षा देणे हा न्याय नव्हे. जन्मावरून दोष चिकटविण्याच्या रीतीचे चटके सोसलेल्या समाजाला हे वेगळे सांगणे नको. म्हणून १९९८ च्या रोम करारात लष्करी अधिकाऱ्यासाठी तीन कसोट्या घातल्या आहेत. हाताखालच्या लोकांवर त्याचे प्रत्यक्ष नियंत्रण होते काय? गुन्हा घडतो आहे हे त्याला ठाऊक होते, किंवा ठाऊक असावयास हवे होते काय? आणि तो रोखण्यासाठी अथवा दोषींना चौकशीस्तव सोपविण्यासाठी त्याने आपल्या हातचे उपाय योजले काय? त्या परिषदेत वाटाघाटींची धुरा कॅनडाचे फिलिप किर्श यांनी वाहिली आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे पहिले अध्यक्ष झाले. २००० साली कॅनडाने स्वतःचा कायदा करून अधिकाऱ्याची ही कर्तव्यच्युती स्वतंत्र गुन्हा ठरविली. शत्रूसाठी घडविलेले माप अखेर स्वतःच्या घरात आले. भारत मात्र या करारात अद्याप सामील झालेला नाही.

हा विचार पश्चिमेकडून उसना आणावा लागतो असे कोणी समजू नये. कलिंगाच्या युद्धात दीड लाख लोक देशोधडीला लागले, एक लाख मारले गेले आणि त्याहून कितीतरी अधिक मरण पावले, असे सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवले. दोष त्याने सेनापतीवर ढकलला नाही. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, खुद्द कलिंगात, धौली व जौगड येथे, त्या लेखाऐवजी अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे लेख आहेत. कोणालाही अकारण बंदिवास वा छळ होऊ नये, क्रोध व आळस टाळावा आणि हे पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी दर पाच वर्षांनी अधिकारी पाठविले जातील, असे त्यांत बजावले आहे. पश्चात्तापाला तपासणीची जोड देणारा हा राजा होता.

आपल्या मायदेशातील १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलमही याच जातीचे आहे. कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या सरकारी सेवकाला सहा महिने ते एक वर्ष कारावासाची तरतूद त्यात आहे. तेथे युद्ध नाही, तरी तत्त्व तेच आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसे गेली. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, बारा वर्षांनंतर. आदेश देणाराही दोषी ठरू शकतो, हे तेव्हा आपण पाहिले.

आपल्या अनेक घरांत फौजेची परंपरा आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. म्हणून सैन्याचा द्वेष करणे आपला मार्ग नाही. परंतु संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीपासून सावध केले होते, आणि अधिकाऱ्याची आंधळी आज्ञा पाळणे ही त्या भक्तीचीच बहीण होय. आपली मुले आज या देशाचे नागरिक आहेत. उद्या त्यांतील कोणी सैन्यात, पोलिसात, रुग्णालयात वा मंत्रालयात अधिकारी होईल. मी आदेश दिला नव्हता, एवढे म्हणून आपली सुटका होत नाही, हे त्यांना घरातच शिकवा. आणि नागरिक म्हणून, जेव्हा एखादा चौकशी आयोग मध्येच गुंडाळला जाईल, तेव्हा आपल्या खासदाराला पत्र लिहा. शिदान अरोनसाठी विचारायचा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला.



जयभीम! नमो बुद्धाय!