चोळांच्या रणांगणात एक मराठी प्रेक्षक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानात वक्त्याने ज्ञानेश्वरांपासून आरंभ करावा आणि महाराष्ट्राच्या वैभवापाशी यावे, असा एक अलिखित संकेत आहे. तो मोडण्याची अनुज्ञा आज मी आपणांपाशी मागतो. मी बोलणार आहे एका तमिळ चित्रपटाविषयी, आणि तोही तलवारी, घोडे, गलबते आणि कारस्थाने ह्यांनी भरलेल्या चित्रपटाविषयी. ज्या चेन्नईने आपल्या मंडळाला पन्नास वर्षे आश्रय दिला, तिच्या अभिमानाचा हा विषय आहे. त्यामुळे तो ह्या व्यासपीठाला परका नाही, अशी माझी समजूत आहे.

चित्रपटाचे नाव ‘पोन्नियिन सेल्वन’. पोन्नी म्हणजे कावेरी. तिचा लाडका पुत्र तो पोन्नियिन सेल्वन, अर्थात पुढे राजराज चोळ म्हणून विख्यात झालेला राजपुत्र अरुळमोळिवर्मन. मणिरत्नम ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाचा पहिला भाग ३० सप्टेंबर २०२२ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा आधार म्हणजे ‘कल्की’ कृष्णमूर्ती ह्यांची पाच खंडांची कादंबरी. १९५० ते १९५४ ह्या काळात ती ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांसाठी ‘करमणूक’ पत्राची वाट पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांचे स्मरण केले, म्हणजे ह्या कादंबरीचे तमिळ घरांतील स्थान ध्यानात येईल. साप्ताहिकातली पाने, मणियम ह्यांच्या चित्रांसकट, कापून आणि बांधून लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. एम. जी. रामचंद्रन ह्यांनी १९५८ साली तिच्यावर चित्रपट काढण्याचा संकल्प सोडला होता, पण तो सिद्धीस गेला नाही. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ तमिळ वाचक ही कथा पडद्यावर येण्याची वाट पाहत होता.

म्हणूनच चित्रपटगृहात जे दृश्य मी पाहिले, ते केवळ करमणुकीचे नव्हते. पुढच्या रांगेत एक वृद्ध बाई आपल्या नातीला प्रत्येक पात्र पडद्यावर येताच हलक्या आवाजात त्याची ओळख करून देत होत्या. वंदियदेवन घोड्यावरून आला तेव्हा तरुणांनी शिट्ट्या वाजवल्या. कुंदवैच्या प्रवेशाला बायकांनी टाळ्या दिल्या. आपल्यासारख्यांची मात्र थोडी तारांबळ उडते. पळुवेट्टरैयर एक नसून दोन आहेत, हे कळेपर्यंत बराच वेळ जातो. आणि बाजारहाटाच्या तमिळवर इतकी वर्षे निभावून नेलेल्या माणसाला तिथले भारदस्त संवाद ऐकताना पुन्हा बिगारीत बसल्यासारखे वाटते. तरीही रविवर्मन ह्यांनी टिपलेला दिव्यांचा मंद प्रकाश, रहमान ह्यांच्या संगीतातले ढोलांचे घोष, खवळलेल्या समुद्रातली झुंज ह्यांना भाषांतर लागत नाही. ह्या लढाया मला विशेष भावल्या त्या एवढ्यासाठी, की त्यांतला योद्धा दमतो, चुकतो, चिखलात पडतो आणि प्रसंगी पळूनही जातो.

परंतु ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला ते निराळेच आहे. चित्रपटाच्या आरंभीच चोळांचा थोरला राजपुत्र आदित्य करिकालन एका शत्रूवर तुटून पडतो. हा शत्रू म्हणजे राष्ट्रकूट! आदल्याच वर्षी मी माझ्या नातवाला वेरूळचे कैलास लेणे दाखवून आणले होते आणि राष्ट्रकूटांचे गुणगान त्याला यथास्थित ऐकवले होते. चोळांच्या विजयाला इतरांबरोबर टाळ्या वाजवता वाजवता तो एकाएकी थांबला आणि मला म्हणाला, “आजोबा, हे राष्ट्रकूट म्हणजे आपलेच ना? मग आपण कोणाच्या बाजूचे?”

बंधुभगिनींनो, महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. सगळीच मुले तो बोलून दाखवीत नाहीत, एवढेच. ह्या मुलाचे तमिळ माझ्याहून शतपटींनी चांगले आहे आणि त्याचे सवंगडी त्याच चित्रपटगृहात शिट्ट्या वाजवीत होते. त्याला ‘आपण मराठी, आपण राष्ट्रकूटांच्या बाजूचे’ एवढे सांगून गप्प बसवणे सोपे होते. पण ते खरे झाले नसते.

इतिहास काय सांगतो ते पाहा. वेरूळचे कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळातले खरे. पण त्या घराण्याची मान्यखेट ही राजधानी म्हणजे आजच्या कर्नाटकातले मळखेड, आणि त्यांच्या दरबारात मान होता तो संस्कृत व कन्नड ह्या भाषांना. त्यांच्यातल्या तिसऱ्या कृष्णाने ९४९ साली तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. तिथे चोळ युवराज राजादित्य हत्तीवर बसलेला असताना मारला गेला, आणि विजेत्याने ‘कांची व तंजावर जिंकणारा’ असे बिरुद मिरवले. तेव्हा पडद्यावर करिकालनाच्या डोळ्यांत जो अंगार दिसतो, त्यामागे एका पराभवाची स्मृती आहे. ती ठाऊक नसेल तर आपल्याला नुसती हाणामारी दिसते.

हाच न्याय आता आपल्या चित्रपटांना लावून पाहू. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ पाहताना आपला ऊर भरून येतो, आणि तो तसा यावाच. परंतु सुरतेच्या लुटीचा प्रसंग आपल्या शेजारी बसून पाहणाऱ्या सुरतकराच्या मनात काय येत असेल, ह्याचा विचार आपण क्वचितच केला असेल. कलकत्त्याच्या मराठी बांधवांना विचारा. अठराव्या शतकातल्या ‘बर्गीं’च्या स्वाऱ्यांची भीती बंगाली अंगाईगीतात आजही शिल्लक आहे. आपल्या पराक्रमाची कथा दुसऱ्याच्या घरी निराळ्या सुरात सांगितली जाते. ती कथा शेजाऱ्याच्या बाजूने ऐकण्याची संधी परप्रांती राहणाऱ्याला घरबसल्या मिळते.

आणखी एक गोष्ट ह्या कथेपासून घेण्यासारखी आहे. तिचा कळस रणांगणातल्या विजयात नाही. करिकालनाचा वध नेमका कोणी केला, हे कल्कींनी संदिग्धच ठेवले आहे. उडैयारगुडीच्या शिलालेखात त्या वधाबद्दल द्रोही ठरलेल्यांच्या नातलगांच्या जमिनींची व्यवस्था लावलेली आढळते. पण वधामागचे रहस्य त्याने पुरते उलगडत नाही. आणि ज्याच्यासाठी सारी प्रजा आतुर झालेली असते, तो अरुळमोळिवर्मन मुकुट स्वतःच्या मस्तकी न धरता आपला चुलता उत्तमचोळ ह्याच्या मस्तकी ठेवतो. स्वतः तो ९८५ मध्ये गादीवर आला. चित्रपटगृहातली सर्वांत गाढ शांतता मी ह्या प्रसंगी अनुभवली. तिथे शिट्टी नव्हती.

मग नातवाला मी काय सांगितले? मी त्याला तंजावरला घेऊन गेलो. पोन्नियिन सेल्वनाने सुमारे १०१० साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर तिथे उभे आहे. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला गादी स्थापली आणि १८५५ पर्यंत ती टिकली. नातवाने चोळांचे तमिळ शिलालेख मला दाखवले, आणि मी त्याला मराठी ओळी वाचून दाखवल्या. “तुझी बाजू ही,” असे मी त्याला म्हणालो. त्याला पुढे विचारावे लागले नाही.

तमिळ माणसानेही आपल्याशी असेच वर्तन केले आहे. अण्णादुराई ह्यांनी शिवाजीमहाराजांवर तमिळ नाटक लिहिले. त्यात महाराजांची भूमिका करणाऱ्या गणेशन नावाच्या तरुणाला पेरियार ह्यांनी ‘शिवाजी’ म्हणून गौरवले आणि तो आयुष्यभर शिवाजी गणेशन झाला. आपल्या राजाचे नाव त्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या नटाला दिले. उलट, राजराज चोळाविषयी चार वाक्ये सलग सांगू शकतील अशी किती मराठी घरे आपल्यात आहेत, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक साधी सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. गणेशोत्सव आणि नाटके चालू राहोतच. त्यांच्या जोडीला वर्षातून एकदा मंडळाने सहकुटुंब एक तमिळ ऐतिहासिक चित्रपट पाहावा, आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या एका तमिळ शेजाऱ्यास बरोबर न्यावे. मध्यंतरात त्याला पात्रांची नावे विचारावीत. पुढल्या वेळी आपण त्याला भालजींचा चित्रपट दाखवू, आणि मावळे म्हणजे कोण, हे त्याला सांगू.