चावी बाटल्यावरच

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'गॅस कटिंग : ज्योत पेटवणे आणि जुळवणे'. समोर निम्मी मंडळी कारखान्यातली दिसतात. तेव्हा ऑक्सिजनचा बाटला काळा, ॲसिटिलिनचा मरून, गॅसच्या नटाचे आटे उलटे, ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, हे सगळं तुम्हाला पाठ आहे असं धरतो. मी आलोय ती बाटल्याचा व्हॉल्व्ह उघड-बंद करायची ही चावी घेऊन. (चावी वर धरून दाखवतात.)

ॲसिटिलिन ॲसिटोनमध्ये विरघळवून भरतात, म्हणून बाटला उभाच ठेवायचा. दाब साधारण 1 किलोच्या वर गेला, की मोकळा ॲसिटिलिन हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून रेग्युलेटर त्या दाबाच्या आत ठेवायचा, आणि बाटल्याचा व्हॉल्व्ह दीड फेऱ्याच्या वर उघडायचा नाही. वेळ आली तर झटकन बंद करता यावा. पण चावीच जागेवर नसेल तर?

मी विशीत होतो. शेडमध्ये चार बाटले आणि चावी एकच, ती हेल्परच्या खिशात. हेल्पर चहाला गेलेला. रेग्युलेटरजवळ नळीच्या क्लिपपाशी बोटभर पिवळी ज्योत दिसली. कटिंग टॉर्चचा नॉब बंद केला, पण गळती त्याच्या मागे होती. व्हॉल्व्हचा स्पिंडल हाताने फिरवायला गेलो. चौकोनी लोखंड ते, बोटांना दाद देईना. मुकादम चावी घेऊन धावत आले, एक फेरा दिला, ज्योत विझली. तळहातावरचा डाग अजून आहे.

(मागून आवाज : "सर, बाटल्यावर ठेवली की चावी चोरीला जाते!" हशा.)

हसा, पण साखळीने बांधा. बाटल्यामागे एक चावी, याच्यावर माझी तडजोड नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता भरभर सांगतो. चष्मा लावा. दोन्ही नळ्या एकेक करून थोड्या सोडून साफ करा. टॉर्चचं तोंड माणसांपासून आणि बाटल्यांपासून दूर धरा. गॅसचा नॉब किंचित उघडून लायटरची ठिणगी द्या. काडी नाही, विडी तर नाहीच. काजळी उडेल. ती थांबेपर्यंत गॅस वाढवा. मग ऑक्सिजन हळूहळू सोडा. आतल्या निळसर सुळक्याभोवती पांढरट पीस दिसतं, ते आखडत सुळक्यात मिसळलं की ज्योत जुळली. इथेच बरेच जण थांबतात. तसं नको. कापायच्या ऑक्सिजनचा लिव्हर दाबून बघा, पीस पुन्हा डोकावतं. लिव्हर दाबलेलाच ठेवून ऑक्सिजन जरासा वाढवा, ते पीस घालवा. मग लिव्हर सोडा, लोखंडाची कड लाल होऊ द्या आणि मगच कापा. ज्योत आत शिरून शिट्टी वाजली, तर टॉर्चचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच गॅस, आणि मग धावायचं ते बाटल्याकडे.

तिथे चावी हवी. उद्या कामावर गेलात की लायटर खिशातून काढायच्या आधी बाटल्याकडे बघा.