पोरांचा हिशेब

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



आज कविता वाचणार नाही. मला विषय दिलाय तो नवराबायको तुटले की पोरांचं काय, हा. मी वकील नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे. पण कायद्याची पुस्तकं काही वकिलांच्या बापाची जहागीर नाही. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून १९५१ साली ज्या बाबासाहेबांनी मंत्रिपद फेकून दिलं, त्यांचं नाव घेणाऱ्यांनी निदान आपल्या चाळीतल्या भांडणापुरता तरी कायदा वाचायला पाहिजे.

गोदीत गोण उचलायच्या आधी मुकादम विचारतो, माल कुणाचा? वस्तीत जोडपं तुटलं की पंच पोराबद्दल हाच सवाल करतात. पोरगं कुणाचं? आणि जबाब ठरलेला. बापाचं. बी बापाचं, बाई नुसतं शेत. ही शेत-बियाण्याची भाषा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातली. त्या पुस्तकाची २५ डिसेंबर १९२७ ला महाडला होळी झाली. कागद जळाला, शेत-बियाणं मात्र आपल्याच डोक्यात उगवत राहिलं. सुप्रीम कोर्टानं १९७३ सालच्या एका निकालात साफ सांगितलंय की पोरं ही आईबापाच्या मालकीची चीजवस्तू नाहीत आणि त्यांचं खेळणंही नाहीत. कोर्टाला बघायचं असतं ते पोराचं हित. आईचा हक्क, बापाचा हक्क सगळं त्याच्या मागनं.

आता पहिली शंका नेहमी येते ती आपल्याच लोकांची. आपण १९५६ ला बौद्ध झालो, मग हिंदूंचा कायदा आपल्याला कसा? तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चे पालकत्वाचे, पोटगीचे कायदे बौद्धांनाही लागू आहेत, तसं त्या कायद्यातच लिहिलंय. हे तुम्हाला आवडो न आवडो, कोर्टात तेच चालतं. आणि आपलं लग्न बुद्धवंदना घेऊन लागलं, नोंदणी केली नाही, म्हणून बाईनं घाबरायचं कारण नाही. पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, पोराचा जन्मदाखला, शेजाऱ्याची साक्ष, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. पोराच्या पोटगीला तर लग्न शाबीत होण्याचीसुद्धा गरज नाही. लग्नाचं असो, बिनलग्नाचं असो, दुसरीचं असो, पोरगं पोरगंच. कायदा औरस-अनौरस दोघांची नावं घेऊन सांगतो की पोसायला लागेल.

ताबा कुणाकडे? पाच वर्षांच्या आतलं पोर साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि 'त्याच्यानंतर' आई असं लिहिलंय. या एका शब्दावर कितीतरी बायांना बँकेत, शाळेत, पासपोर्टच्या खिडकीवर परत पाठवलं गेलं. लेखिका गीता हरिहरन यांनी त्यावर भांडण दिलं. १९९९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावर असं नाही. तो हजर नसेल, पोराची जबाबदारी घेत नसेल, तर तो जिवंत असतानाही आई पालक. बिनलग्नाच्या पोराची पहिली पालक तर आईच. खिडकीवरच्या बाबूला हे माहीत नसतं. त्याला माहीत करून द्यायचं.

पाच वर्षं उलटली की पोर आपोआप बापाकडे जातं, ही अफवा आहे. पोरगा बापाचा, पोरगी आईची, ही दुसरी अफवा. आईनं दुसरं लग्न केलं की पोर गेलं, ही तिसरी. आणि चौथी सगळ्यात वाईट. बाई कमवत नाही, धुणीभांडी करते, दहा बाय दहाच्या खोलीत राहते, म्हणून कोर्ट पोर तिला देणार नाही, असं तिला सासरचे भरवतात. अहो, तिच्याकडे पैसा नाही याच्यावरचा इलाज म्हणजे बापानं पैसा देणं. तेवढ्यासाठी पोर तोडून न्यायचं नसतं. पोर कुणी सांभाळलं, शाळेत कुणी नेलं, कुणाकडे त्याला सुरक्षित वाटतं, दारू आहे का, मारझोड आहे का, ते बघतात. समज आलेली असेल तर पोरालाही विचारतात. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यात तशी तरतूद आहे. आणि अर्ज पोर जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा. मुंबईत ते बांद्र्याचं कुटुंब न्यायालय. एकदा झालेला हुकूम दगडावरची रेघ नसते. परिस्थिती बदलली तर ताब्याचा हुकूम बदलून मागता येतो.

कुणी पोर उचलून गावाला नेलं तर? पोलीस म्हणतात, घरगुती मामला आहे, कोर्टात जा. जायचंच, आणि लगेच जायचं. मारझोडीची बाई असेल तर २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मॅजिस्ट्रेट पोराचा तात्पुरता ताबा देऊ शकतो. बेकायदा दडवून ठेवलं असेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज होतो. सहा महिने गप्प राहिलात की समोरचा म्हणतो, पोर आता इथं रुळलंय. आणि कोर्ट ते ऐकतं.

आता पैशाकडे येऊ. इथंच आपल्यातले पुष्कळजण मान खाली घालतात.

आजवर १४४ कलम म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवायची, मोर्चा आठवायचा, पाठीवरचे वळ आठवायचे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि गंमत बघा, पोटगीचं जुनं १२५ आता १४४ झालंय. जमावबंदी १६३ वर गेली. तेव्हा कुणी बायकोनं १४४ लावलं म्हणून सांगितलं तर दचकू नका. आणि खरं तर दचका. त्याआधी दाखल झालेली प्रकरणं १२५ खालीच चालू आहेत.

या कलमाखाली बायको, पोरं आणि म्हातारे आईबाप पोटगी मागू शकतात. जातधर्म कुठलाही असो. आपल्या शेजारच्या गल्लीतल्या मुसलमान बहिणींनीही हे ऐकावं. तलाकशुदा बाईलाही हे कलम खुलं आहे, असं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगितलंय, आणि पोरांचा हक्क तर १९९७ च्याच निकालात मान्य झालाय. बाई सध्या जिथं राहते तिथंच अर्ज करू शकते, नवऱ्याच्या गावाला खेटे घालायला नको. पूर्वी ५०० रुपयांच्या वर मिळत नसे, ती मर्यादा २००१ मध्ये उठवली. त्याच दुरुस्तीनं अंतरिम पोटगी आली. नोटीस बजावल्यापासून होता होईल तो ६० दिवसांत तिचा निकाल लागावा असं कायदा म्हणतो. होतो का? नेहमी नाही. पण ६० दिवस लिहिलेत, एवढं तारखेला उभं राहून बोलायला पाहिजे. पोराचं वय १८ होईपर्यंत हे कलम चालतं. अपंगत्वामुळं स्वतःला पोसता येत नसेल तर पुढंही. बिनलग्नाची मुलगी १८ ची झाली आणि स्वतःला पोसू शकत नसेल, तर तिला १९५६ च्या पोटगीच्या कायद्याखाली बापाकडून मागता येतं. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये तसं सांगितलंय.

बाप काय म्हणतो? पहिलं, पोर माझं नाही. लग्न चालू असताना झालेलं पोर नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. नाही म्हणणाऱ्यानं त्या काळात भेटच शक्य नव्हती हे शाबीत करायचं. नुसता संशय आला म्हणून कोर्ट रक्ततपासणीचा हुकूम काढत नाही.

दुसरं, मला काम नाही. हे मी गोदीत रोज ऐकतो. पंचवीस जणांच्या टोळीत दोनतीन तरी असे असतात की ज्यांना नोटीस आली की त्यांची हजेरी एकदम कमी होते. मुकादमाला सांगून नाव दुसऱ्याच्या वहीत. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हातपाय धड असलेल्या माणसानं अंगमेहनत करून का होईना, बायकापोरांना पोसलंच पाहिजे. मी ते वाचलं तेव्हा हसू आलं. आम्हाला अंगमेहनत कुणी शिकवायची? पण वाक्य आपल्या कामाचं आहे. धट्टाकट्टा माणूस काम नाही म्हणून सुटत नाही.

मग त्याची कमाई दाखवायची कशी? आपल्याकडे पगाराची चिठ्ठी कुठं असते? ४ नोव्हेंबर २०२० चा एक निकाल आहे, रजनीश विरुद्ध नेहा. नाव लिहून घ्या, वकिलाला सांगा. त्यानुसार दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायची, निकालाच्या तारखेपासून नाही. तीन वर्षं केस लांबवली म्हणून तीन वर्षं वाचत नाहीत. तेव्हा बायांनो, भांडून निघताना भांडी नेऊ नका, कागद न्या. त्याच्या बँकेच्या पासबुकाचा फोटो, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, युनियनचं कार्ड, मोटारसायकलचे हप्ते, मोबाइलवर येणाऱ्या पैशांचे मेसेज. जो म्हणतो मला काम नाही, तो हप्ते कशातनं फेडतो, हे कोर्टाला विचारता येतं. पोराचा खर्चही लिहून ठेवा. फी, वह्या, दवाखाना, रिक्षा. दूधवाल्याचीसुद्धा पावती.

आई कमवती असेल तर? पोराचा खर्च दोघांनी आपापल्या कमाईच्या हिशेबानं उचलायचा. म्हणून बाप मोकळा होत नाही, त्याचा वाटा कमी होतो एवढंच.

हुकूम झाला आणि पैसा आलाच नाही, हे सगळ्यात जास्त घडतं. तेव्हा त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज. वॉरंट निघतं. तरी दिलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. हे वर्ष आपल्या बायका चुकवतात, देईल देईल म्हणत. आणि दोस्तांनो, तुरुंगात जाऊन आलो म्हणजे फिटलं, असं म्हणणारेही मी पाहिलेत. १९८८ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कैद हा पैसा काढण्याचा मार्ग आहे. जाऊन आलास तरी पैसा देणं लागतोसच.

पंचांपुढं शंभराच्या स्टँपवर काडीमोड लिहून घेतात, 'यापुढे पोटगी मागणार नाही' म्हणून बाईचा अंगठा. पोराचा हक्क आईला असा लिहून देताच येत नाही. तो कागद पोराला बांधत नाही. पंचांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

आणखी एक. पोर भेटू देत नाही म्हणून पैसा बंद, किंवा पैसा देत नाही म्हणून भेट बंद. दोन्ही चूक. पैसा पोराचा आणि भेटही पोराची. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये म्हटलंय की आई आणि बाप दोघांचा सहवास हा पोराचा हक्क आहे. बापाला भेट मिळत नसेल तर त्यानं त्यासाठी वेगळा अर्ज करावा. आयांनो, हे तुम्हालाही सांगतोय. नवरा नालायक निघाला म्हणून प्रत्येक वेळी बाप नालायक असतो असं नाही. जिथं मारझोड, दारू, भीती आहे तिथं भेट कुणाच्या तरी देखरेखीखाली मागून घ्या.

आता जातीचा दाखला. हा प्रश्न त्यांच्या पुस्तकात तळटीप असतो, आपल्याकडे तो पोराच्या शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा असतो. बाप पळाला, त्याचे कागद मिळत नाहीत, ऑफिस म्हणतं बापाकडचा पुरावा आणा. आणि बाप वरच्या जातीचा असून सोडून गेला असेल तर म्हणतात पोर त्याच्या जातीचं. बाप मजा मारून गेला, जात तेवढी ठेवून गेला काय? २०१२ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पोर बापाच्या जातीचं हे सुरुवातीला धरलं जातं, पण तो शेवटचा शब्द नाही. आईनं आपल्या वस्तीत वाढवलं, आईच्या जातीचे भोग पोरानंही भोगले, हे दाखवता आलं तर दाखला मागता येतो. तेव्हा शाळेत नाव घालतानाच आईचं नाव, आईचा पत्ता नीट लिहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या पोरांच्या सरकारी कागदावर महाराष्ट्रात आईचं नाव लावणं आता सक्तीचं आहे. पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. एवढ्याला आपल्याला २०२४ साल उजाडलं.

वकिलाला पैसे कुठले, हा सवाल मागनं कुणीतरी विचारणारच. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या बाराव्या कलमाखाली बाई, मूल आणि अनुसूचित जातीजमातीचा माणूस, यांना कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, म्हणजे आपल्यातल्या बापांनाही मिळतो. तालुका कोर्टात, जिल्हा कोर्टात विधी सेवेचं ऑफिस असतं, फोन १५१००. पोटगी, घटस्फोट, मारझोड यांच्या दाव्यात बायांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. कुटुंब न्यायालयात तर वकील हा हक्कच नाही, परवानगीनं उभा राहतो. बाईनं स्वतः बोलायचं. आपल्या बाया नळावर बोलतात तेवढं जरी बोलल्या तरी पुरे.

आणि आता चळवळीतल्या भावांना. निळा झेंडा खांद्यावर, मुठी आभाळात, आणि पोराच्या आईला सहा महिने रुपया नाही, असे आपल्यात आहेत. मला नावं माहीत आहेत, आज घेत नाही. मालकानं आपली हजेरी खाल्ली तर आपण गेट बंद पाडतो. पोराची हजेरी आपण खाल्ली तर गेट कुणी बंद पाडायचं? पुढच्या महिन्यापासून वर्गणीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवावी, कुणाचं पोर कुठं आहे आणि त्याला किती पोचलं याची, असं मी सुचवतो. ज्यांना राग येईल त्यांनी वर येऊन बोलावं.

ज्या बायांकडे नोटिसा, हुकूम, स्टँपचे कागद असतील त्यांनी ते रविवारी सकाळी घेऊन या. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, माझ्यासुद्धा. झेरॉक्स आणा. पाळी नसली तर मी नऊपासून बसलेलो असेन.