पारावर बसलेल्याला कोण सांगणार?

(वेचणीच्या तोंडावर झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आज बोलायचे आहे, ते बोलूच. पण वेचणी तोंडावर आली आहे. पंधरा दिवसांनी आपल्या लेकीसुना सकाळीच वावरात जातील, परगावच्या मजूर बाया गाड्यांत दाटीवाटीने बसून येतील आणि दिवस मावळल्यावर परततील. म्हणून आधी दुसऱ्या एका विषयावर बोलतो. बोलायला अवघड आहे, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका गावात बोंडअळीच्या सभेसाठी गेलो होतो. त्याच आठवड्यात तिथे एका मुलीवर अत्याचार झाला होता. ज्वारीच्या वावरातून घरी येत होती. करणारा गावातलाच. लोक म्हणाले, साहेब, तुम्ही शिकलेले, एखादा ठराव लिहून द्या. मी दिला. मुलींनी दिवेलागणीनंतर बाहेर पडू नये, एकटीने वावरात जाऊ नये, असा तो ठराव. सगळे हात वर झाले. मला वाटले, काम चांगले झाले.

सभा उठल्यावर एक म्हातारी जवळ आली. म्हणाली, "साहेब, पोरीले घरात बसवलं, अन् तो त पारावरच बसून हाये."

खरेच बसला होता. ठरावात त्याच्याविषयी एक अक्षर नव्हते. पोलिसांत तक्रारही झालेली नव्हती.

पुढे काय झाले ते ऐका. तालुक्याच्या शाळेतून येणारी एसटी अंधार पडल्यावर गावात पोचायची. तीन मुलींची शाळा सुटली. वर्षभराने आणखी एका मुलीच्या वाट्याला तेच आले. तिने आठ महिने तोंड उघडले नाही. का? ती एकटी गेली होती. सांगितले असते तर पहिला प्रश्न आला असता, ठराव ठाऊक असताना गेलीस कशाला? मी लिहिलेल्या कागदाने त्या मुलीचे तोंड बंद केले आणि त्या माणसाला आठ महिने संरक्षण दिले.

अळीला ऐकू येत नाही

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. आम्ही शेतकऱ्याला सांगतो, कामगंध सापळे लावा, फरदड ठेवू नका. हे सगळे शेतकऱ्यालाच का सांगतो? कारण बोंडअळीला सांगून उपयोग नाही. तिला ऐकू येत नाही, लाज नाही आणि कोर्टात उभे करता येत नाही.

मुलींना 'जपून राहा' सांगताना आपण पुरुषाला बोंडअळी समजतो. जणू तो निसर्गाचा कोप आहे, येणारच. पुरुषाला कान आहेत. तो आपल्या पंगतीत जेवतो, आपल्या सभेत सतरंजीवर बसतो. सरकारच्या गुन्हे नोंदणीचे आकडे वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगतात. बलात्काराच्या शंभरांपैकी नव्वदांहून जास्त प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. दिवेलागणीनंतर घराचे दार लावल्याने यातला कोण अडतो? पुष्कळदा तो दाराच्या आतच असतो.

सगळे नियम पाळले, तरी

आपल्या विदर्भातलीच गोष्ट सांगतो. २६ मार्च १९७२, देसाईगंजची पोलीस चौकी. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. आईबापाविना वाढलेली, मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. डॉक्टरांच्या मते वय चौदा ते सोळा. भावाने केलेल्या तक्रारीवरून रात्री जबाबासाठी तिला चौकीत बोलावले होते. एकटी नव्हती, भाऊ बरोबर होता. निर्जन वाटेवर नव्हती, सरकारी चौकीत होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवले, तिला मागे ठेवले, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार झाला. दोन पोलीस शिपायांवर खटला उभा राहिला.

१९७४ साली सत्र न्यायालयाने तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवून आरोपींना सोडले. १९७६ साली नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, ही कारणे.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातल्या बाईने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर न्यायालय संमती नव्हती असेच धरून चालेल, अशी तरतूद आली. तिचे नाव छापणे गुन्हा ठरला. मीही इथे नाव घेत नाही. बाईच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोटी पाडू देणारे कलम पुढे २००२ च्या दुरुस्तीने गेले. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे २०१३ साली कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही ते कायम आहे.

कायदा एवढा पुढे आला. आपला पार मात्र १९७४ च्या कोर्टातच बसला आहे. ती तिथे गेली कशाला? कपडे कोणते होते? ओरडली का नाही?

हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत

भावांनो, असे प्रश्न तुम्हाला नवे नाहीत. घरातला कर्ता माणूस विष पिऊन गेला की चौकशीला येणारे काय विचारतात? दारू प्यायचा का? मुलीच्या लग्नात किती उधळले? आणि कागदावर शिक्का मारतात, 'अपात्र'. मेलेल्या माणसाचा हिशोब त्याच्याच चुकांत शोधतात. तेव्हा आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. काट्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याला सोडून 'तू एवढा पांढरा कापूस उघड्या गाडीत आणलास कशाला?' असे कोणी शेतकऱ्याला विचारले, तर आपण त्याला वेड्यात काढू. बाई म्हणजे कापूस नव्हे, हे मला कळते. पण लुबाडणाऱ्याला सोडून लुबाडल्या गेलेल्याची झडती घेण्याची रीत तीच आहे. ती आपल्यावर आली की अन्याय, आणि आपण लेकीवर चालवली की संस्कार?

मग काळजी घ्यायचीच नाही का?

घ्यायची. पण काळजी आणि बंदी यांतला फरक ओळखायचा. बायांनी आपसात ठरवून घोळक्याने वावरात जाणे, ही काळजी. रस्त्यावर दिवा, घरात संडास, शाळेच्या वेळेला एसटी, ही काळजी. मुलीची शाळा बंद करणे ही बंदी. कोणतीही सूचना देण्याआधी एक गोष्ट तपासा. उद्या काही विपरीत घडले, तर हीच सूचना तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल का? जाणार असेल, तर ती काळजी नव्हे.

आता वेचणीपुरते सांगतो, आणि सांगतो पुरुषांना. ज्याच्या वावरात बाया येतात त्याने त्यांना परत पोचवण्याची व्यवस्था करावी. मजुरीचे पैसे चारचौघांत द्यावेत, अंधारात एकटीला बोलावून नव्हे. आपला गडी, आपला ड्रायव्हर, आपला भाचा चुकीचे बोलला तर तिथेच टोकावे. हसून सोडू नये. शेतमजूर बाईला कामावर त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते.

आणि अत्याचार झालाच, तर दवाखान्याने मोफत उपचार केलेच पाहिजेत, सरकारी असो की खासगी. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना तिला परत पाठवता येत नाही. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरतो. तिने ११२ वर फोन करावा. आपण तिच्याबरोबर जावे आणि वाटेत तिला काही विचारू नये. एवढेच म्हणावे, 'यात तुझी चूक नाही.'

त्या गावात मी परत गेलो होतो. माझा ठराव ग्रामपंचायतीच्या वहीत अजून होता. तो रद्द करायला मीच उभा राहिलो. हात पहिल्यापेक्षा कमी वर झाले. ती म्हातारी मात्र पहिल्या रांगेत होती आणि तिचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

आता कापसाच्या भावाकडे वळू.