टोपीवर पडलेला बर्फ

माझी नोकरी फौजेत झाली आणि त्यातला बराच काळ बर्फात गेला. पण बर्फ आम्ही फुटांत मोजायचो. रात्री तीन फूट पडला की सकाळी फावडी काढायची, एवढाच संबंध.

बर्फाचा कण जवळून पहिल्यांदा पाहिला तो काश्मीरमधल्या एका चौकीवर. मी कॅप्टन होतो. मनालीच्या ‘सासे’त हिमस्खलनाचं शिक्षण घेतलेल्या एका सुभेदाराने उतारावर खड्डा खणला, तळाचा बर्फ काळ्या पत्र्यावर घेतला आणि भिंग माझ्या हातात दिलं. जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. “साहब, ये एक-दूसरे को पकड़ते नहीं,” तो म्हणाला. वरचा थर कधीही घसरेल, तीन दिवस थांबा. मी एकच दिवस थांबलो. चौघे गेले, उतार सुटला, तिघांना जिवंत काढलं. निर्णय माझा होता.

निवृत्तीनंतर डेहराडूनला स्थायिक झालो. दर जानेवारीत कॅमेरा घेऊन औलीला जातो. पहिल्या वर्षी बायको म्हणाली, “अजून बघायचं राहिलंय का तुमचं?” राहिलं होतं.

सामान महाग नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स उलटी करून रिंगने कॅमेऱ्याला बसवायची. काळी लोकरीची टोपी पडत्या बर्फात धरायची. लोकरीच्या तंतूंवर कण अधांतरी अडकतो आणि मागे काळोख मिळतो. कॅमेरा आणि टोपी अर्धा तास आधी बाहेर गार होऊ द्या, नाहीतर कण टेकताच थेंब होतो. फोकससाठी लेन्स फिरवायची नाही, कॅमेराच केसभर पुढे-मागे न्यायचा. एका फोटोत कणाचा पातळसा भागच स्पष्ट येतो, म्हणून आठ-दहा फोटो काढून संगणकावर जोडायचे. आणि श्वास! रायफल रेंजवर शिकवलेलं इथे कामी आलं: अर्धा सोडायचा आणि थांबायचं. तरी पहिल्या दिवशी बरेच कण मी फुंकरीनेच मारले.

आकार ठरतो ढगातल्या तापमानावर आणि ओलाव्यावर. उणे ५ अंशांच्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास फांद्या फुटलेले तारे. जपानच्या नाकाया उकिचिरो यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमकण वाढवून दाखवला.

या छंदाचा मूळपुरुष अमेरिकेतल्या व्हर्मॉंटचा शेतकरी, विल्सन बेंटली. १५ जानेवारी १८८५ ला, एकोणिसाव्या वर्षी, त्याने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून फोटो घेतला. पुढे पाच हजारांवर घेतले. पण तो देखणे कण निवडायचा, आणि कणाभोवती काळं दिसावं म्हणून निगेटिव्हची प्रत चाकूने खरवडायचा. यावर त्याच्या हयातीतच टीका झाली. मला ती पटते. टोपीवर पडतात ते बहुतेक मोडलेले, एकमेकांत अडकलेले, गोठलेले थेंब चिकटलेले. मी तेही घेतो.

आणि दर वर्षी खड्डा खणून तळाचे ते साखरेचे दाणेही घेतो. जवळून ते पेल्यासारखे दिसतात, अंगावर बारीक पायऱ्या असलेले. सुंदर असतात. हे कबूल करायला मला तीन हिवाळे लागले.

पडद्यावर आहे तो यंदाचा. खाली उजवीकडची कड गोल झालेली दिसते? तिथे माझा श्वास लागला.