यतीम मूल आणि परतीचा शब्द

(अंजनवेल, ता. गुहागर येथे ग्रामस्थांच्या बैठकीत केलेले भाषण)



मोम्बासाजवळच्या एका बालगृहात मुलांना शिकवायला मी यंदा दुसऱ्यांदा जाऊन आले. ‘आपल्याकडे यतीम मुलं कमी आहेत का, म्हणून आफ्रिकेला जातेस?’ असं गावात अनेकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे.

आफ्रिका आपल्याला परकी नाही. समोरच्या दाभोळ बंदरातून शेकडो वर्षं गलबतं अरबी समुद्र ओलांडत होती. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर जायचं, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतायचं. या वाऱ्यांना स्वाहिलीत कास्काझी आणि कुसी म्हणतात. इंग्रजी अमलात कोकणी मुसलमान रोजगारासाठी केपटाउनला गेले, केनियाला गेले. माझी खालेजाद बहीण आजही मोम्बासात राहते. स्वाहिलीत पुस्तकाला ‘किताबू’ म्हणतात, वेळेला ‘वकाती’, आणि अनाथ मुलाला ‘यतिमा’.

मी निवृत्त शिक्षिका, विषय गणित. बालगृहातही तेच शिकवलं. पेल्यांची झाकणं, चिंचोके, शिंपले घेऊन गुणाकार. पहिल्या वेळी नऊ वर्षांचा एक मुलगा दाराशीच उभा राहायचा, आत यायचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी त्याने एकच शब्द विचारला, ‘उतारुदी?’ म्हणजे, परत येणार का? मी त्याला महिना सांगितला आणि त्याच महिन्यात परत गेले. तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला.

तिथे मुलांचं सगळं करणाऱ्या एक बाई आहेत, मुलं त्यांना ‘मामा’ म्हणतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. त्या म्हणाल्या, पाहुणे दोन आठवड्यांसाठी येतात, मुलांना उचलून घेतात, फोटो काढतात आणि जातात. मागे मुलं रात्री रडतात, ती आम्ही सांभाळतो. ज्या मुलाचं आधीच कुणीतरी गेलेलं आहे, त्याला दर हंगामात आणखी एक माणूस गमवावं लागतं. अशा हौशी सेवेने मुलांचं नुकसान होतं, हे 2019 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावातही आलं आहे. म्हणून तिथे माझे नियम साधे आहेत. मुलांचे फोटो नाहीत. काम तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली. जे शिकवायचं ते आधी त्यांना दाखवायचं, म्हणजे मी नसताना वर्ग थांबत नाही.

दुसरी गोष्ट डिसेंबरच्या सुट्टीत दिसली. कितीतरी मुलं आजीकडे, काकांकडे गेली. म्हणजे त्यांना माणसं होती. नव्हते ते पैसे. जगभर हेच चित्र आहे. बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई, वडील किंवा जवळचे नातेवाईक हयात असतात. केनिया सरकारने 2022 मध्ये दहा वर्षांचं धोरण आखलं, ते मुलांना संस्थेतून कुटुंबाकडे नेण्याचं. 1989 च्या बालहक्क करारात तर आपल्या ‘कफाला’चा, म्हणजे मूल आपल्या घरी सांभाळण्याचा, नावाने उल्लेख आहे. पैगंबरसाहेब स्वतः यतीम होते. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी. मग आजोबांनी सांभाळलं, आजोबा गेल्यावर चुलते अबू तालिब यांनी. ते घरात वाढले.

आता आपल्या गावाबद्दल. आपले पुरुष समुद्रावर, आखातात. एखादा परत येत नाही, मग बाईच्या पदरात दोन-तीन मुलं. रमजानमध्ये आपण जकात काढतो आणि लांबच्या यतीमखान्याच्या पावत्या फाडतो. त्याला माझा विरोध नाही. पण शेजारच्या बेवा बाईचं मूल फीपायी यतीमखान्यात जात असेल, तर आपला पैसा त्या मुलाला आईपासून तोडायला खर्च होतो. तोच पैसा तिच्या घरात गेला तर मूल आईजवळ राहतं.

सरकारचीही मदत आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. दोन्ही पालक नसलेल्याच नव्हे, एकच पालक असलेल्या मुलालाही, अठरा वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा, बाल कल्याण समिती मंजुरी देते. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, आधार ही कागदं लागतात. अनेक बायका कागदांच्या भीतीने आणि लाजेने जात नाहीत. योजना सर्व धर्मांच्या मुलांसाठी आहे, म्हणून आपली मदतही मोहल्ल्यापुरती नको. कोळीवाड्यातली, भंडारवाड्यातली मुलंही यात आली पाहिजेत.

मी पुढच्या वर्षी मोम्बासाला जाणार आहे, कारण तिथे तारीख सांगून आले आहे. तोवर दर शुक्रवारी दुपारी नमाजनंतर मी शाळेच्या ओसरीवर अर्ज भरून द्यायला बसेन. मला दोन माणसं हवी आहेत: एक तरुण, जो रत्नागिरीला फेऱ्या मारेल, आणि एक बाई, जी घरोघरी जाऊन बोलेल. फक्त एकच अट आहे. एकदा ज्या घरात जाल, तिथे मंजुरी येईपर्यंत परत परत जायचं. ज्यांना जमेल त्यांनी आत्ता, उठण्याआधी, नाव द्यावं.

खुदा हाफिज.